तेहतीस तव्यांचं वाण

धामणगाव बढे गावात उकंडरावांनी ज्याची मस्करी केली नाही असा माणूस शोधायचा, तर तो एकतर पाळण्यात असायला हवा नाहीतर ठार बहिरा. सरपंचापासून गुरवापर्यंत त्यांनी कोणालाच सोडलं नव्हतं. माणूस मनाचा वाईट नव्हता हो, अजिबात नव्हता. पण तोंडात शब्द आला की तो बाहेर पडलाच पाहिजे, मग समोर कोणी का उभा असेना. आणि बाहेर पडलेला शब्द मागे घेणं, 'चुकलं' म्हणणं, हे मात्र त्या एवढ्या मोठ्या देहाला जन्मात कधी जमलं नव्हतं. देह खरंच मोठा होता. लग्नाकार्यात त्यांच्यासाठी प्लास्टिकच्या दोन खुर्च्या एकात एक घालून ठेवत, आणि पंगत उठेपर्यंत त्या दोन्ही खुर्च्या देवाचं नाव घेत असत.

तर अशा या उकंडरावांनी मागच्या दिवाळीत स्वतःच्या जावयाची मस्करी केली, आणि तिथं घोडं अडलं.

जावई भागवत रोहिणखेडकडचा. वांगी, टमाटे, गोबी असा भाजीपाला काढणारा, अंगानं सडपातळ, बोलायला कमी. त्यानं बापाकडे हात न पसरता स्वतःच्या कमाईतून अठरा घोड्यांचा मिनी ट्रॅक्टर घेतला होता. वांग्याच्या दोन ओळींमधून सुळकन निघून जाईल आणि एक पान हलणार नाही, असा नेटका. दिवाळीला तो बायकोला, म्हणजे उकंडरावांच्या एकुलत्या एक जयमालाला, त्याच ट्रॅक्टरवर घेऊन आला. मागच्या छोट्या ट्रॉलीत सासरच्या माणसांसाठी गोबीचे गड्डे होते. अंगणात उकंडरावांच्या ट्रॅक्टरचं पन्नास घोड्यांचं धूड उभं होतं, त्याच्याजवळ हा जाऊन थांबला. ओट्यावर दहा-बारा माणसं बसलेली. उकंडरावांनी एकदा या ट्रॅक्टरकडे पाहिलं, एकदा त्या ट्रॅक्टरकडे पाहिलं.

"जवाईबुवा," ते म्हणाले, "याले डिझेल पाजता का दूध?"

माणसं हसली. भागवतही हसला. आता तिथं थांबावं की नाही माणसानं? पण नाही. उकंडराव उठले, गोठ्यात गेले, वासराच्या गळ्यातली घंटी सोडून आणली आणि सगळ्यांच्या देखत त्या ट्रॅक्टरच्या नाकाला बांधली. म्हणाले, "हरवला तं सापडला पायजे."

भागवतचे कान लाल झाले. तो वाढलेल्या ताटावर बसला नाही. "वांग्याले पाणी द्याचं हाये," एवढंच म्हणाला आणि निघून गेला. घंटीचा आवाज रस्त्यावर बराच वेळ येत राहिला. संक्रांतीला जयमाला एकटीच आली. होळीला तीही आली नाही.

उकंडराव वरून म्हणायचे, "न का येईना, आपलं काय अडते." पण दुपारच्याला रोहिणखेडच्या रस्त्याकडे तोंड करून बसायचे, आणि लांबून कुठल्याही मिनी ट्रॅक्टरचा आवाज आला की खुर्चीसकट उठायचे. त्यांच्या बायकोला, शालूबाईंना, हे दिसत होतं. लेक दुरावल्याचं दुःख दोघांनाही सारखंच होतं, फक्त शालूबाई ते बोलून दाखवत आणि उकंडराव चहा जास्त पीत.

यंदा ज्येष्ठ अधिक आला. अधिक महिना म्हणजे धोंड्याचा महिना, तीन वर्षांनी एकदा येणारा. त्यात लेक-जावयाला घरी बोलवायचं, जावयाला नारायण समजून पाटावर बसवायचं, पोटभर पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे आणि वाण द्यायचं, अशी रीत. ज्या घरचा जावई धोंड्याच्या महिन्यात येत नाही, त्या घराबद्दल गाव काय काय बोलतं ते शालूबाईंना चांगलं ठाऊक होतं, कारण दुसऱ्यांच्या घराबद्दल त्या स्वतः बोलल्या होत्या.

"अजी, ऐकलं काय," त्या म्हणाल्या. "जवाई या महिन्यात आले नाई, तं मंग ते कवाच येत नाई. अन् पोरगी बी नाई. तुमच्या तोंडानं घालवला, तुमीच आणा."

"आणतो ना. त्यात काय हाये."

"फोन लावा अन् चुकलं म्हणा. तीन अक्षरं हायेत."

उकंडरावांनी फोन लावला. पलीकडून भागवत म्हणाला, "हॅलो, मामाजी." उकंडराव खाकरले. त्यांनी छाती भरून श्वास घेतला, तोंड उघडलं, आणि सख्ख्या जावयाला "राँग नंबर" म्हणून फोन ठेवला. शालूबाईंनी कपाळाला हात लावला.

शब्दानं जमत नाही तर वस्तूनं जमवू, असं मग उकंडरावांनी ठरवलं. त्यांनी गुपचूप जयमालाला विचारलं, जावयाला काय पाहिजे.

"त्यांले डिस्क हॅरो पायजे, बाबा," ती म्हणाली. "नांगरलेल्या वावरातली ढेकळं वखरानं फुटून नाई राह्यली. पण आमच्या ट्रॅक्टरले ओढता आला पायजे. दहा तवे, लय झालं तं बारा. हलकाच आणा. मोठा नका आणू हो. ऐकता ना?"

"ऐकून राह्यलो ना," उकंडराव म्हणाले. आणि त्यांनी खरोखर ऐकलं होतं. तवे, म्हणजे ढेकळं कापणाऱ्या लोखंडी चकत्या, दहा म्हणजे दहाच, हेच ऐकलं होतं. घोटाळा ऐकण्यात झाला नाही, तो पुढे स्वयंपाकघरात झाला.

शालूबाई अनारशांचं पीठ मळत होत्या. उकंडरावांनी सांगितलं, जावयाला दहा तव्यांचा हॅरो द्यायचा. शालूबाईंचा हात परातीतच थांबला.

"दहा? धोंड्याचं वाण तेहतीसचं असते. अनारसे तेहतीस, बत्तासे तेहतीस, अन् तवे दहा? असं वाण कोणी देलं काय कवा?"

"पोरगी म्हणे का दहाच..."

"ते तं कमीच सांगन. सासरची झाली ना आता. आपण दहा द्याव अन् लोकायनं मोजाव?"

उकंडराव विचारात पडले, आणि जितका विचार केला तितकं त्यांना ते पटत गेलं. दहा तव्यांत किती माफी मावणार? त्या घंटीपुरती तरी पुरेल का? तेहतीस तवे म्हणजे कसं, जावयानं समोर पाहावं आणि आपण एक अक्षर न बोलता त्याला सगळं कळावं. त्यांना इतकं हलकं वाटलं की ते त्याच पावली गावातल्या दीपकच्या वर्कशॉपवर गेले.

दीपक वखर, ट्रॉल्या, हॅरो सगळं बनवून द्यायचा. त्यानं वेल्डिंगचा चष्मा कपाळावर सरकवला.

"काका, तेहतीस तव्यांचा हॅरो नसते. तवे जोडीनं असतात. बारा, सोळा, अठरा."

"देवाच्या महिन्यात तुयी जोडी कुठं घेऊन बसला बे? तेहतीस म्हणजे तेहतीस."

"ओढणार कोण?"

"जवायाचा ट्रॅक्टर. अठरा घोड्यांचा."

दीपक हसायला लागला. त्याला वाटलं, काकांची आज आपल्यावर पाळी आली. उकंडराव हसत नाहीत हे पाहून तो गंभीर झाला. "काका, आपल्या काळ्या जमिनीत एका तव्याले पावणेदोन-दोन घोडे धराच लागते. अन् नुसती ताकद नाई, ट्रॅक्टरचं वजन बी पायजे, नाई तं चाकं जागच्या जागी फिरते. तुमीच हिशोब करा."

उकंडरावांनी हिशोब केला नाही. "घोडे जवायाचे, तवे माये," ते म्हणाले. "तू कशाले मंधात येतं?"  दीपकनं चष्मा खाली ओढला.

हॅरो तयार झाला तेव्हा तो उकंडरावांच्या फाटकातून आत जाईना. फाटक काढलं तरी जाईना. शेवटी कुंपणाची भिंत एका बाजूनं पाडली आणि तो अंगणात आला. अख्खं अंगण त्यानं भरून टाकलं. तुळशीला प्रदक्षिणा घालायची तर आता हॅरोलाही घालावी लागत होती. एका बाजूला सोळा तवे, दुसऱ्या बाजूला सतरा, त्यामुळे तो उभ्या उभ्याच जरा कलल्यासारखा दिसे. शालूबाईंनी प्रत्येक तव्याला हळद-कुंकू लावलं आणि प्रत्येक तव्यावर गुळाच्या पाकानं एक एक अनारसा चिकटवला. मग कावळे आले. कावळ्यानं एक नेला की शालूबाई दुसरा चिकटवत. सकाळपासून त्या काठी घेऊन हॅरोपाशी बसून होत्या आणि दर थोड्या वेळानं पहिल्यापासून मोजत होत्या.

बापानं तुमच्यासाठी मनापासून हॅरो घेतलाय, एवढंच जयमालानं नवऱ्याला सांगितलं होतं. तिच्या शब्दाखातर तो आला. लांबून आवाज ऐकू आला तेव्हा उकंडराव खुर्च्यांसकट उठले आणि पुन्हा बसले. मिनी ट्रॅक्टर धुऊनपुसून चकचकीत केलेला होता. भागवतच्या शर्टाच्या खिशातून हॅरो जोडायच्या पिना डोकावत होत्या. म्हणजे जावई रागात आला नव्हता, हॅरो घेऊन जायच्या तयारीनं आला होता. उकंडरावांचे डोळे भरून आले, पण गाव जमलेलं होतं म्हणून त्यांनी शिंकल्यासारखं केलं.

भागवत खाली उतरला. त्यानं हॅरो पाहिला. इकडून तिकडे चालत गेला, तिकडून इकडे आला. एका तव्यावरचा अनारसा निरखून पाहिला. 

"मामाजी," तो हळू आवाजात म्हणाला, "मस्करी लय भारी करता तुमी."

आयुष्यात पहिल्यांदा उकंडरावांनी मस्करी केली नव्हती, आणि नेमकी तीच त्यांची सगळ्यात मोठी मस्करी ठरली होती. 'मस्करी नाई हो, देवाशपथ नाई,' असं त्यांना ओरडून सांगायचं होतं. पण तोंडातून आलं ते भलतंच. "जोडून तं पाहा," ते म्हणाले.

भागवतनं जयमालाकडे पाहिलं. मग मुकाट्यानं ट्रॅक्टर मागे घेतला, पिना लावल्या, सीटवर बसला आणि हॅरो उचलायचा दांडा ओढला. हॅरो जमिनीवरून तसूभर हलला नाही. त्याऐवजी ट्रॅक्टरचं नाक वर जाऊ लागलं. पुढची दोन्ही चाकं जमिनीवरून सुटली, हवेत फिरली, आणि भागवत स्टिअरिंगला धरून आभाळाकडे पाहत बसला.

गाव हसलं. ओट्यावरचे हसले, पडलेल्या भिंतीवर चढलेले हसले. शेजारचे वामनराव तर खांबाला धरून हसत होते. उकंडरावांना मात्र फक्त जावयाचे कान दिसत होते. ते दिवाळीसारखेच लाल झाले होते. तिकडे जयमालानं ओट्यावर ठेवलेली तिची पिशवी उचलली. ती अजून उघडलीसुद्धा नव्हती. आता ही पोरगी त्या ट्रॅक्टरवर बसणार, आणि परत या अंगणात तिचा पाय लागणार नाही, हे उकंडरावांना लख्ख कळलं. ते रडायच्या बेतात आले.

मग त्यांनी जे केलं ते का केलं, हे त्यांना स्वतःलाही नंतर सांगता आलं नाही. ते दोन्ही खुर्च्यांतून उठले, अंगण ओलांडून गेले, हवेत गेलेल्या त्या नाकाला दोन्ही हातांनी धरलं, आणि धोतर सावरून त्याच्यावर बसले.

नाक खाली आलं. चाकं जमिनीला टेकली. मागं हॅरो कुरकुरत वीतभर उचलला गेला.

"चाला," उकंडराव समोर पाहत म्हणाले.

पडलेल्या भिंतीतून ट्रॅक्टर घरामागच्या नांगरलेल्या वावरात निघाला. पुढे फेटा बांधलेले उकंडराव, मध्ये भागवत, मागे अनारसे लावलेला हॅरो, त्याच्यामागे काठी घेतलेल्या शालूबाई आणि त्यांच्यामागे गाव. वरात म्हणावी तर नवरा कोण ते कळत नव्हतं.

वावरात भागवतनं हॅरो खाली सोडला. तवे काळ्या मातीत बसले. त्यानं पहिला गिअर टाकला. मागची चाकं गरागरा फिरली, धूळ उडाली, आणि ट्रॅक्टर होता तिथंच. चाकांखाली दोन खड्डे पडत गेले. इंजिन थरथरत होतं आणि त्याची थरथर उकंडरावांच्या पोटापर्यंत येत होती. ते यंत्र जीव तोडून ओढत होतं. ज्याला त्यांनी वासरू ठरवलं होतं ते आपल्या ताकदीबाहेरचं ओझं लावलं असतानाही बंद पडत नव्हतं. उकंडरावांना त्याची इतकी कीव आली की त्यांनी बॉनेटवर हात ठेवला.

"उकंडराव, उतरू नका बरं," वामनराव धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, ओरडले. "नाई तं ट्रॅक्टर उडून जाईन."

गाव पुन्हा हसलं, आणि या खेपेला ते उकंडरावांना हसलं. त्यांच्या तोंडात उत्तर आलं नाही. सगळ्यांनी वाट पाहिली, कारण असं कधी झालं नव्हतं.

"बंद करा, जवाईबुवा," ते म्हणाले.

भागवतनं इंजिन बंद केलं. वावर शांत झालं.

"याचा काई दोष नाई. हा बरोबर हाये. तवे जास्त झाले." उकंडरावांनी घाम पुसला. नाकावर बसल्यामुळे त्यांची जावयाकडे पाठ होती, आणि तेच बरं होतं. "मायंच चुकलं. हॅरोचं बी चुकलं अन् दिवाळीचं बी."

शालूबाईंच्या हातातली काठी गळून पडली. कावळ्यांनी ती संधी साधली आणि सगळे अनारसे उचलले. कोणी त्यांना हाकललं नाही.

 भागवत खाली उतरला, टूलबॉक्समधून पाना काढला आणि सासऱ्यापुढे येऊन उभा राहिला.

"किती तवे काढू, मामाजी?"

"त्याले झेपन तेवढे ठेवा. मले नका इचारू, मले काई समजत नाई."

"दिलेलं वाण कमी नाई करत हो," शालूबाई कळवळून म्हणाल्या.

"मामी, पयले त्याले चालू तं द्या," भागवत म्हणाला.

दीपकला निरोप गेला. तो कटर घेऊन आला आणि त्यानं हॅरोच्या दोन्ही बाजू कापून वेगळ्या केल्या. मग भागवत आणि तो नट सोडवून तवे काढू लागले. थोडे काढायचे, जोडून पाहायचं. सोळावर ट्रॅक्टर कण्हला आणि चाकं फिरवत बसला. बारावर निघाला, पण वळणावर काळा धूर सोडू लागला. भागवतनं मान हलवली आणि आणखी दोन काढले. दहावर मात्र तो असा निघाला की विचारू नका. तवे ढेकळं फोडत चालले, मागे भुसभुशीत माती पडत गेली, आणि दीपकनंही कटर खाली ठेवून पाहिलं. उकंडराव या सगळ्या वेळात नाकावरून हलले नव्हते.

"मामाजी, आता उतरले तरी जमते," भागवत म्हणाला. "आता वजन नाई लागत."

"माईत हाये मले," उकंडराव म्हणाले. "पण एक फेरी राहू द्या ना."

भागवत हसला. दिवाळीनंतर सासऱ्याला ते हसू पहिल्यांदा ऐकू आलं. त्यानं एक नाही, तीन फेऱ्या मारल्या, आणि वामनरावांच्या धुऱ्याजवळून जरा हळू नेला.

जेवणं झाली तेव्हा ऊन उतरलं होतं. भागवत पाटावर बसला होता, पोटभर जेवला होता आणि शालूबाईंनी आग्रह केला तेव्हा आणखी एक धोंडा घेतला होता. आता निघायची तयारी चालली होती. काढलेले तेवीस तवे ओट्याला लावून ठेवलेले होते. शालूबाई म्हणाल्या, "हे ट्रॉलीत टाकून न्या. वाण घरी ठेवून घेतलं तं आमाले पाप लागन."

भागवतनं ओट्यापाशी जाऊन तव्यांवर हात फिरवला.

"वाण मायंच हाये, मामी. पण राहू द्या इथंच. वापरून वापरून तवे झिजते. एक झिजला का मी अन् जयमाला येऊ, दोन दिवस राहू, अन् एक बदलून नेऊ."

शालूबाईंनी लेकीकडे पाहिलं. जयमाला हसत होती. उकंडराव मात्र तव्यांकडे पाहत काहीतरी मनात मांडत होते.

"जवाईबुवा," त्यांनी विचारलं, "एक तवा झिजाले किती दिवस लागते?"

"भाजीपाल्याची मऊ माती हाये आमची. चार-पाच वर्सं तं सहज जाते."

उकंडरावांचा चेहरा पडला. त्यांनी तव्यांकडे पाहिलं, रोहिणखेडच्या रस्त्याकडे पाहिलं, आणि मग कटर आवरत बसलेल्या दीपककडे वळले.

"काऊन बे," ते म्हणाले, "जरा कच्चं लोखंड नव्हतं काय तुयाजवळ?"